झडतीची खोली

फारमाची माणसं माझ्या बायकोचा फोटो मागायला आली होती. मी दिला नाही. "आजोबा, मोठा करून काचेत लावू," म्हणाले, "खाली लिहू, ज्येष्ठ कष्टकरी महिला." मी म्हटलं, तिचं एक काम तुमच्याकडे पडून आहे, ते करा आधी. पोरं चहा न घेताच उठली.

गिरजा जाऊन आता वर्ष होत आलं. फारमाच्या पुस्तिकेत तिच्यावर सात ओळी छापल्या आहेत. त्यात लिहिलं आहे की ती हसतमुख होती. गिरजा हसतमुख नव्हती. ज्या बाईला कोणाचं काही विसरता येत नाही ती हसतमुख कशी राहील? मी चौथी शिकलेला माणूस, मला सजवून लिहिता येत नाही. पण पन्नासाच्या वर वर्षं जिच्या हातची भाकर खाल्ली तिच्याविषयी असं गुळचट छापलेलं पाहिलं की डोकं तापतं. म्हणून लिहितो.

आधी फारम सांगतो. संग्रामपूरच्या अलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला, अण्णासाहेबांची जमीन होती. एका मालकाची, एका बांधाची, नजर जाईल तिथवर पऱ्हाटी, कपाशीची झाडं. मधोमध त्यांचाच जीन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. आसपासच्या गावातल्या बाया तिथं वेचायला, बाप्ये जीनावर. पुढं जीन बंद पडला, अण्णासाहेब गेले, जमीन वाटण्यांत गेली. राहिला तो जीन, गोदाम, फाटक आणि त्याच्याभोवतीचं थोडं रान. अण्णासाहेबांच्या नातवानं, विक्रमभाऊनं, त्याचं आता वारसा स्थळ केलं आहे. रेच्यांना, सरकी काढायच्या यंत्रांना, हिरवा रंग दिला. गोदामात फोटो लावले. तिकीट ठेवलं. लग्न ठरलेली पोरंपोरी तिथं येतात आणि कापसाच्या ढिगावर लोळून फोटो काढतात. पांढराशुभ्र कापूस, म्हणतात. ज्यांना तो वेचावा लागला नाही त्यांना तो पांढराशुभ्र दिसतो.

गिरजा उंचीला पऱ्हाटीएवढी. उभ्या पिकात शिरली की दिसायची नाही, नुसता आवाज यायचा. दोन्ही हातांनी वेचायची. बोंडाच्या पाकळ्या सुकल्या की त्यांची टोकं सुईसारखी होतात, बायांची बोटं रक्ताळतात. तिची बोटं आत जायची आणि सगळा कापूस एका झटक्यात, पाला न लागू देता, बाहेर. मागे तंतू राहायचा नाही. शिवीही तशीच द्यायची, मागे काही शिल्लक ठेवायची नाही.

बोंडाचं टोक नखात मोडलं की बाकीच्या बाया म्हणत, राहू दे वं, आपोआप निघन. गिरजा म्हणायची, "आपोआप काईच निघत नाई. सुई आना." आणि दुसऱ्या बाईचं बोट मांडीवर घेऊन, ती ओरडली तरी न सोडता, काटा काढायची. मग तो काटा तळहातावर ठेवून तिला दाखवायची. दाखवल्याशिवाय तिचं समाधान होत नसे.

तिच्या पिशवीला कोणी हात लावलेला तिला चालत नसे. एकदा लेक लता आम्हाला खामगावच्या मोठ्या कापडदुकानात घेऊन गेली. दारावरचा रखवालदार म्हणाला, "आजी, पिशवी दाखवा."

"काऊन?"

"नियम हाये."

"कोनाचा?"

"मालकाचा."

"मंग बलाव मालकाले. त्याचे खिसे मी पाह्यतो, माही पिशवी तो पाहीन."

रखवालदार हसायला लागला. लता लाजेनं लाल झाली. "आई, चाल ना वं, त्याचं काम हाये ते."

"हाव, काम हाये," गिरजा म्हणाली. "कामच असते त्यायचं." आणि दुकानाला पाठ करून चालायला लागली. लुगडं आम्ही समोरच्या रस्त्यावरच्या माणसाकडून घेतलं. लतानं विचारलं, "बाबा, आईले झालं काय?" मी म्हटलं, ऊन लागलं असन.

ऊन लागलं नव्हतं. काय झालं होतं ते मला माहीत होतं. मी तिथंच होतो.

आमच्या लग्नानंतरचा पहिला हंगाम. मी फारमाच्या फाटकावर कामाला होतो. फाटक उघडायचं, लावायचं, संध्याकाळी बायांची रांग धरायची. फाटकाला लागून एक खोली होती. एक दार, एक खिडकी. खिडकीला झडप नव्हती. खिडकीबाहेर फारमाचा कारभार पाहणाऱ्या दिवाणजीची खुर्ची. वेचून आलेली प्रत्येक बाई त्या खोलीतून जायची. आत एक म्हातारी झडती घ्यायची. अंबाडा सोडायला लावायची, ओटी झटकायला लावायची, लुगड्याच्या निऱ्या झटकायला लावायची. बाया कापूस चोरून नेतात म्हणे. नेत असतीलही. देवापुढच्या वातीला चिमूटभर कापूस कोण नेणार नाही? दिवसभर ज्या हातांनी गाठोडी भरली त्या हातांत घरी जाताना एका वातीपुरतं नको? आम्ही त्या खोलीला झडतीची खोली म्हणायचो. दुसरं नाव तिला नव्हतं.

त्या दिवशी गिरजा विटाळशी होती. आमच्याकडे त्या काळी जुन्या लुगड्याचं फडकं वापरत. दुपारी शेतातच फडकं पुरेना झालं तेव्हा तिनं पऱ्हाटीच्या आडोशाला त्यात मूठभर कापूस घातला. दुसरं करणार काय? झडतीत म्हातारीच्या हाताला ते लागलं. म्हातारी बाईमाणूस, तिनं सोडलं असतं. पण दिवाणजी खिडकीतून म्हणाला, "काय हाये ते? काढ."

"जाऊ द्या जी," म्हातारी म्हणाली, "बाईचं हाये."

"कापूस हाये का नाई, तेवढं सांग."

म्हातारीनं हात मागे घेतला.

"कापूस असन तर फारमाचा हाये. काढ."

काढायला लावलं. दिवाणजीनं ते काडीवर धरून खिडकीतून बाहेर घेतलं. रांगेतल्या बायांना दाखवलं, की हे असं करता तुम्ही. मग नेऊन काट्यावर टाकलं. लोखंडी काटा होता, कापूस तोलायचा. त्याच्या ताटलीत ते पडलं.

मी फाटकाशी उभा होतो. कडी माझ्या हातात होती. ती मी सोडली नाही. त्या दिवशी मी एवढंच केलं.

घरी येऊन तिनं भाकरी थापल्या. मला वाढली. मग म्हणाली, "तुमी तिथंच होते."

मी म्हटलं, "हो."

आमच्यात त्याविषयी पुन्हा कधी बोलणं झालं नाही, म्हातारे होईपर्यंत. पण गिरजानं तो काटा आत राहू दिला नाही. ती सुईच्या शोधात होती.

सुई तिला पुढच्या हंगामात मिळाली. आमच्या भागात सीतादही झाल्याशिवाय कापसाला कोणी हात लावत नाही. पहिल्या वेच्याच्या दिवशी एका पऱ्हाटीच्या बुडाशी सात खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, पहिल्या बोंडांचा कापूस त्यांच्यावर ठेवायचा, सीतामायच्या नावानं दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. हे एका मानाच्या बाईनं करायचं. फारमाचा मान माझ्या आईकडे होता, तिचा हात बरकतीचा म्हणून. त्या उन्हाळ्यात आई वारली आणि मान सुनेकडे आला.

सकाळी सगळ्या बाया बांधावर जमल्या. सात खडे मांडले होते. अण्णासाहेब जीपमधून आले, दरवर्षी येत. दिवाणजी हात बांधून उभा. गिरजा आली आणि खड्यांपासून पाच पावलांवर थांबली.

"बस ना वं," बाया म्हणाल्या.

"कशी बसू? मी विटाळशी आहो."

झालं. विटाळशी बाई सीतादही करत नाही. अण्णासाहेब परत गेले. दिवाणजीनं चार दिवस थांबून निरोप पाठवला. गिरजानं उलट निरोप दिला, अजून आहो. आठव्या दिवशी तेच. बाराव्या दिवशी दिवाणजी स्वतः आमच्या दारात आला. गल्ली गोळा झाली.

"बारा बारा दिवस विटाळ असते काय वं?" तो ओरडला.

गिरजा उंबऱ्यात उभी राहिली. "तुमाले पाह्याचं हाये काय दिवाणजी? तुमाले सवय हाये. खिडकी उघडी ठेवू?"

गल्लीतल्या बाया आधी दचकल्या. मग एक फिसकन हसली. मग सगळ्या. दिवाणजी आला तसा पाय उचलून गेला. मागून एक म्हातारी म्हणाली, "अवो, चप्पल तर घाला," तर तो चप्पल न घालताच निघाला होता.

मग त्यानं दुसऱ्या बाईला बसायला सांगितलं. ती म्हणाली, मी बी विटाळशी. तिसरी म्हणाली, मी बी जी. बाहेरगावाहून बाया आणल्या. त्यांनी बांधावर येऊन पहिलं विचारलं, सीतादही झाली काय? नाही म्हटल्यावर त्यांनी डब्बे सोडले, भाकरी खाल्ल्या आणि घरी गेल्या. पैसे जास्तीचे देतो म्हटलं तरी एकीनं बोंडाला हात लावला नाही. रानभर बोंडं फुटून उभी. वारा सुटला, कापूस मातीत गळायला लागला, पाल्यात अडकून त्याची कवडी व्हायला लागली. मळका कापूस. लांबून रान पांढरं दिसायचं, जवळ गेलं की नासाडी. गिरजा रोज एकदा फाटकापर्यंत जायची, उभी राहून पाहायची आणि परत यायची. मी तिला इतकं सुखात त्याआधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगू.

शेवटी अण्णासाहेब आले. जीपमधून उतरले नाहीत. "झडती बंद केली," म्हणाले, "खोलीला कुलूप लावतो. दिवाणजीले गोदामात टाकतो. उद्या ये." झालेल्या गोष्टीविषयी एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी गिरजानं विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनी सीतादहीला बसली. मी विचारलं, एवढ्यावर सोडलं? ती म्हणाली, "पीक त्यायचं नाई, सीतामायचं हाये. माह्यं अन् त्यायचं राह्यलंच हाये." मला त्या आठवड्यात फाटकावरून काढलं. तिला सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं. नाईतर मीच काढनार होती."

त्यानंतर आमच्या घरी दरवर्षी एक कोंबडा पाळला जायचा आणि त्याचं नाव दिवाणजी असायचं. पाहुणे आले की ती अंगणातून ओरडायची, "दिवाणजीले धरा रे." दिवाणजी कापला, दिवाणजी शिजला, दिवाणजीचं तिखट बरोबर झालं की नाही, हे ती मुद्दाम मोठ्यानं विचारायची. खरा दिवाणजी आमच्या गल्लीतून जाणं टाळायचा. पण तो मेला तेव्हा ती त्याच्या घरी गेली, त्याच्या बायकोला मिठीत घेऊन रडली. आल्यावर मी म्हटलं, रडली काऊन? म्हणाली, "तिच्यासाठी रडली. त्याच्यासाठी नाई. इतके वर्सं त्याच्यासंग राह्यली बिचारी." आणि पुढच्या वर्षी नवीन कोंबडा, नाव तेच.

आता मी माझी गोष्ट सांगतो. सांगायची नव्हती, पण तिच्याशिवाय गिरजाची पुरी होत नाही.

तीन वर्षांमागे फारमाचं वारसा स्थळ करायचं काम सुरू झालं. गिरजा तेव्हा लताकडे धामणगाव बढ्याला होती, नातीचं बाळंतपण होतं. शहरातून एक मॅडम आली होती, जुन्या लोकांना विचारून खोल्यांची माहिती लिहायला. पोरसवदा, नातीच्या वयाची. मला घेऊन फारमात फिरली. हे काय, ते काय, मी सांगत गेलो. मग आम्ही फाटकापाशी आलो. तिनं फोन माझ्या तोंडापुढं धरला.

"आजोबा, या खोलीत काय असायचं?"

माझ्या जिभेवर आलं होतं. पण नातीएवढी पोर, तिच्यापुढं ते फडकं, तो काटा, कसं बोलायचं? आणि ते बोललो की पुढचं विचारणार, तुम्ही कुठं होता आजोबा? मी गिळलं. म्हटलं, "बाया तिथं इसावा घेत."

पोर खूश झाली. "किती छान! म्हणजे त्या काळीही महिलांसाठी वेगळी खोली होती?"

मी मान हलवली.

उद्घाटनाचं बोलावणं घेऊन विक्रमभाऊ स्वतः घरी आला. गिरजाच्या पाया पडला. "आजी, तुमच्या हातानंच सीतादही व्हायला पाहिजे. पाहुण्यांना आपली परंपरा दाखवायची आहे." गिरजा बघत राहिली त्याच्याकडे. मग म्हणाली, येतो. मला वाटलं, वयानं मऊ झाली.

उद्घाटनाच्या सकाळी आम्ही फाटकातून शिरलो. खोलीला पिवळा रंग दिला होता, दारावर पितळी पाटी होती. गिरजाला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं हाये?"

मी वाचलं. "महिला कामगार विश्रांतीगृह."

"मंजे?"

"बाया बसत, आराम करत, असं."

ती पाटीकडे पाहत राहिली. लोक आमच्या बाजूनं आत चालले होते. सनई वाजत होती, फोनवरची. मग ती हळू बोलायला लागली, जसं कोणी हिशोबानं दाणे निवडावे. "अण्णासायेबाच्या घरच्याले हे काई माईत नाई. दिवाणजी मेला. झडतीवाली म्हातारी मेली. बाया असं सांगनार नाई, मारून टाकलं तरी. मंग राह्यलं कोन?"

मी खाली पाहिलं.

"राह्यला फाटकावरचा," ती म्हणाली.

आणि पुढं निघून गेली. मी तिच्यामागं गेलो, दहा पावलं अंतर ठेवून.

दाखवण्यापुरती दहाएक तासं, म्हणजे ओळी, पऱ्हाटी लावली होती. सात खडे होते, त्यांनाही रंग दिलेला. विक्रमभाऊची बायको पैठणी नेसून ताट घेऊन उभी. मोठमोठे पाहुणे खुर्च्यांवर, सगळ्यांचे फोन वर. मागच्या रांगेत आमच्या वेळच्या पाचसहा म्हाताऱ्या होत्या. मॅडमनं गिरजापुढं माईक धरला. गिरजा खड्यांपासून पाच पावलांवर थांबली.

"मी विटाळशी आहो," ती म्हणाली.

खुर्च्यांवर हसू फुटलं. सत्तरीची बाई. मागच्या म्हाताऱ्यांपैकी एकही हसली नाही. त्या उठून उभ्या राहिल्या.

विक्रमभाऊ पुढं आला. "आजी, काय गंमत करता."

"गंमत नाई बाबू. ते पिवळी खोली हाये ना, तिच्यात बाया इसावा नव्हत्या घेत. तिच्यात बायायचे कपडे झटकत. तुह्या आज्यानं कुलूप लावलं, तोंडातून शब्द नाई काढला. तू कुलूप काढलं अन् वरून पाटी लावली. पाटी उतरव. मंग मी बसन."

"आजी, आपण नंतर बसून बोलू, पाहुणे आहेत."

"पाहुने हायेत म्हनूनच सांगून राह्यली."

माईक कोणीतरी काढून घेतला. गिरजा फाटकाकडे चालायला लागली आणि त्या म्हाताऱ्या तिच्या मागं. सीतादही विक्रमभाऊच्या बायकोनं केली. पुस्तिकेत तोच फोटो आहे. कोपऱ्यात गिरजाची पाठ दिसते. त्याच्याच शेजारी त्या सात ओळी, हसतमुख वगैरे.

घरी आल्यावर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. पण गप्प राहणं तिला जमणारं नव्हतं. ती शेळीशी बोलायची. "शेळे, त्यायले सांग, जेवाले वाढलं हाये." "शेळे, त्यायले विचार, फाटकावर नौकरी लागली काय पुन्हा?" मी शेळीला म्हणायचो, सांग तिले, चुकलं माह्यं. ती म्हणायची, "शेळे, चुकलं ते मले काऊन सांगते? जिथं बोलले तिथं जा म्हना."

मी गेलो. विक्रमभाऊनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, ती पाटी खोटी आहे. तो म्हणाला, "आजोबा, हे तर तुम्हीच सांगितलंय." आणि फोनवर लावलं. माझाच आवाज. बाया तिथं इसावा घेत. बाहेर त्या वेळी कावळा ओरडला होता, तोही आला होता त्यात. विक्रमभाऊ म्हणाला, "मग खरं काय होतं ते सांगा, मॅडम पुन्हा रेकॉर्ड करतील. त्याशिवाय पाट्या मंजूर करणाऱ्या समितीला मी काय दाखवू?" मॅडम फोन घेऊन समोर बसली. माझं तोंड उघडलं नाही. मी पाणी पिऊन परत आलो. महिन्यानं पुन्हा गेलो, पुन्हा तसाच आलो. दोन्ही वेळा गिरजानं विचारलं नाही. माझ्या चालण्यावरून तिला समजायचं.

मग तिचं पोट दुखायला लागलं. आधी अंगावर काढलं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता घरीच ठेवा, जे मागतील ते द्या. लता येऊन राहिली. गिरजा काही मागत नव्हती. पऱ्हाटीएवढी बाई, तीही वाळत वाळत गेली, बाजेवर दिसेना झाली.

जे मागतील ते द्या. तिला काय पाहिजे होतं ते मला दीड वर्षापासून माहीत होतं.

एका रविवारी मी उपाशीच निघालो. फारमात गर्दी होती. मी विक्रमभाऊला म्हटलं, खुर्चीवर नाही, चला खोलीपाशी. खिडकीपुढं, दिवाणजीची खुर्ची असायची तिथं, उभा राहिलो. मॅडमला म्हटलं, लाव पोरी. आणि सांगितलं. फिरायला आलेले लोक थांबून ऐकत होते. मी कोणाकडे पाहून थांबलो नाही.

पाटी त्या आठवड्यात निघाली. दुसरी अजून लागलेली नाही. शब्द मंजुरीला गेलेत म्हणतात. 'झडती' हा शब्द कडक वाटतो म्हणे, 'तपासणी' चालेल का? मी म्हटलं, नाही चालणार. तोवर रविवारी मी तिथं जाऊन बसतो आणि जो येईल त्याला सांगतो. लग्न ठरलेल्या पोरापोरींनाही सांगतो. विक्रमभाऊला ते आवडत नाही. न आवडो. त्याचा फारम आहे, माझ्या बायकोची खोली आहे.

त्या रविवारी घरी आलो तेव्हा दुपार कलली होती. बाज ओसरीत टाकली होती. लता चुलीपाशी. मी पायातलं न काढताच बाजेपाशी गेलो.

"सांगून आलो," मी म्हटलं.

गिरजानं डोळे उघडले. "कोनाले?"

"समद्यायले. विक्रमभाऊ होता, मॅडम होती. लोक होते."

"फडक्याचं?"

"सांगतलं."

"काट्यावर टाकलं ते?"

"सांगतलं."

"अन् कडी धरून तुमी उभे होते ते?"

"ते आंधी सांगतलं."

तिनं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "त्याचं तोंड कसं झालं होतं?"

मी सांगितलं. विक्रमभाऊच्या तोंडावर आधी हसू होतं, मोठ्या घरचं, बोला बोला ऐकतो असं. फडक्याचं निघालं तसं हसू ओठावर तसंच राहिलं, पण नजर खाली गेली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्यानं मॅडमला हात केला, बंद कर म्हणून.

"केलं तिनं?"

"नाई. रडून राह्यली होती, पन फोन हालू नाई देला."

"बाई हाये," गिरजा म्हणाली. "पुन्हा सांगा. तोंडाचं."

मी पुन्हा सांगितलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा कानाच्या पाळ्यांपाशी आलो तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते, जसं काही चघळत असावी.

मग म्हणाली, "आता तुमचं दाखवा."

"काय?"

"तोंड."

मी वाकलो. तिनं माझी हनुवटी धरली. बोटांत जोर उरला नव्हता, तरी धरली, आणि उजेडाकडे वळवली. मला वाटलं, आता म्हणेल, झालं, मिटलं.

"हं," ती म्हणाली. "तुमचं बी तसंच झालं हाये."

हात सोडला. लताला म्हणाली, "तुह्या बापाले भाकर दे वं. उपाशी हाये सकाळपासून."

मी तिथंच, बाजेखाली, ताट घेऊन बसलो. ती कुशीवर वळली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी भाकर संपवून उठेपर्यंत तिनं नजर काढली नाही.